लाइट, गॅस, वायफायवाल्यांचे सर्वे अन् बक्षिसाचे मेसेज : खरे कोणते धरायचे?

उदगीरचा_पोऱ्या
राम राम मंडळी. घरी सध्या यावरून वाद चालूये म्हणून इथं विचारायलोय. बाबांच्या वॉट्सॅपवर मेसेज आला, वर वीज कंपनीचा लोगो अन् खाली 'प्रिय ग्राहक, आमच्या सेवेबद्दल आपले मत कळवा आणि पुढील बिलात ५०० रुपये सूट मिळवा, ऑफर आज रात्री १२ पर्यंतच'. लिंक मी घरातल्या जुन्या, बिनसिमच्या फोनवर उघडून बघितली. सुरुवातीचे प्रश्न साधेच, लाइट किती वेळा जाते, वायरमन वेळेवर येतो का, बोलायला कसा आहे. मग ग्राहक क्रमांक, मग नाव-गाव, अन् मग 'सूट जमा करण्यासाठी आपली बँक निवडा' म्हणून सगळ्या बँकांची यादीच. तिथं बंद केलं.

बाबा म्हणायलेत की उन्हाळ्यात कूलरनं बिल कुठं जातंय ते बघ, पाचशे रुपये देऊलालेत तर का सोडायचे, आपल्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय. आई म्हणती सर्वे म्हणलं की फसवणूकच, ती तर गॅसच्या ॲपमधले स्टार पण दाबू देईना. अन् नेटवाल्याची वेगळीच तऱ्हा. दोन दिवस नेट बंद, तक्रार केली, कुणी फिरकलं नाही, नेट आपोआप आलं, अन् संध्याकाळी फोन, "सर फीडबॅकचा मेसेज येईल, दहापैकी दहा द्याल ना प्लीज."

तर ओळखायचं कसं? अन् खरा असला तरी भरून काही फरक पडतो का, का नुसता टाइमपास?

मांजराकाठ_लातूर
ती लिंक सरळ सरळ चोरी आहे भाऊ, बाबांना सांगा. नीट बघा, प्रश्नांची रांग कशी लावलीय. आधी वायरमनबद्दल विचारायचं, माणूस तावातावानं भरत जातो कारण प्रत्येकाच्या पोटात वायरमनबद्दल काहीतरी असतंच, अन् त्या भरात पुढचं पान पण भरून टाकतो. वीज कंपनीला तुमचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, पत्ता, मीटर, मागची बाकी सगळं आधीच ठाऊक असतं. बिलात सूट द्यायची तर ती बिलातच वजा होणार, त्याला बँक कशाला लागती? बँक विचारली की सर्वे तिथंच संपला.

दुसरं म्हणजे मेसेज कुठून आला ते बघा. महावितरणचे एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल असं अक्षरात नाव असतं. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी एक अक्षर पण जोडलेलं दिसतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पण नुसत्या नावावर विसंबू नका, लिंक कुठं नेते ते बघाच. महावितरणचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन एवढाच. मधीच डॅश, 'ऑफर', 'रिवॉर्ड' असलं काही चिकटवलेलं दिसलं की सोडून द्यायचं. अन् लिंकवरून एपीके फाइल, म्हणजे परस्पर एखादं ॲप, उतरवायला सांगितली तर मग बोलायलाच नको, ती फाइल तुमचे एसएमएस वाचती अन् ओटीपी परस्पर पळवती.

हीच मंडळी मागं उलटा मेसेज पाठवायची, 'बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कट होईल, या साहेबांना फोन करा'. आता धमकीच्या जागी बक्षीस आलंय. धमकीवाला आलाच तर लक्षात ठेवा, वीज कायदा २००३, कलम ५६, बाकीसाठी लाइन तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊचा प्रश्नच येत नाही.

बाबांना खरंच सूट पाहिजे असंल तर ती बिलावरच छापलेली आहे, लिंक लागतच नाही. बिलावर 'या तारखेपर्यंत भरल्यास' म्हणून थोडी कमी रक्कम लिहिलेली असते ना, ती लवकर भरण्याची सूट. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं, ज्याला ते गो-ग्रीन म्हणतात, तर बिलामागं १० रुपयांच्या हिशोबानं सूट. कमीच आहेत, पण खरे आहेत. २०२५ मध्ये ऑनलाइन बिल भरणाऱ्यांसाठी लकी ड्रॉ पण काढला होता महावितरणनं, स्मार्टफोन, स्मार्टवॉच वगैरे. त्यात सुद्धा बिलंच ऑनलाइन भरायची होती. कुणी बँक निवडायला लावली नव्हती.

बीड_बायपास
मी तर म्हणतो खऱ्या कंपनीचं व्हाउचर पण घेऊ नये. मागं कुठल्याशा सर्वेचं शंभराचं कूपन आलं, खाली बारीक अक्षरात हजाराच्या खरेदीवरच चालंल, ते पण ठराविक ॲपवर, ते पण आठ दिवसात. वर नंबर दिला म्हणून महिनाभर कर्जवाल्यांचे फोन. शंभर रुपयांसाठी हजार घालवायचे असतील तर बाजारात जाऊन कणसं खाल्लेली बरी.

अन् प्रश्न तरी काय विचारतेत? आमच्या गावात पाण्याबद्दल सर्वे करायला पोरं आली होती, 'नळाच्या पाण्याबद्दल समाधानी आहात का, हो किंवा नाही'. अरे पाणी कितव्या दिवशी येतं हे विचार की. कितव्या दिवशी येतं, किती वेळ येतं, रात्री दोनला येतं का दुपारी, टँकरला किती घालवता, एक पण प्रश्न नाही. पाणी आलं त्या दिवशी विचारलं तर माणूस खुशच असणार. सर्वे खरा का खोटा हे ओळखलंच पाहिजे, पण खऱ्या सर्वेत सुद्धा काय विचारलं नाही ते बघत जा, तिथंच मेख असती.

माजी_हेडफोनवाला (छ. संभाजीनगर)
नेटवाल्याच्या फोनबद्दल मी सांगतो, पुण्यात कॉल सेंटरला होतो, असले फोन मीच केलेत.

तुम्ही ८ दिले की तुम्हाला वाटतं चांगले दिले, शाळेत ८० टक्के म्हणजे पेढे. तिकडं हिशोब वेगळा. ० ते १० चा जो प्रश्न असतो ना, 'आमची सेवा तुम्ही मित्रांना सुचवाल का', त्यात ९ अन् १० वालेच आपले समजतात, ७ अन् ८ वाले कुठंच धरत नाहीत, अन् ० ते ६ सगळे नाराज. मग खुश टक्क्यांतून नाराज टक्के वजा करतात अन् येईल तो आकडा मॅनेजरच्या भिंतीवर लागतो. म्हणून फोनवरची पोरगी 'दहाच द्या' म्हणून गयावया करती, तिचा इन्सेंटिव्ह त्याच्यावर असतो. तुम्ही राग काढता कंपनीवर, १ देता, अन् तो पडतो तिच्या पगारावर. केबल कुठं तुटली, माणूस का आला नाही, यात तिचा काडीचा संबंध नसतो.

म्हणून प्रश्न नीट वाचा. 'प्रतिनिधीचं बोलणं कसं होतं' असं असेल अन् ती नीट बोलली असेल तर तिला पूर्ण द्या, काही जात नाही. 'तक्रार सुटली का' असं विचारलं तर मात्र संकोच करू नका, सरळ नाही म्हणा. अन् खाली लिहायला जागा असेल तर तक्रार क्रमांक, तारीख, नेट कधी गेलं कधी आलं एवढं दोन ओळीत लिहा. 'लै बेकार सर्व्हिस' लिहिलेलं कुणी वाचत नाही, तारखा लिहिल्या की निदान वरच्याकडं जातं. नेहमी जातंच असं नाही, खोटं कशाला सांगू.

सगळ्यात महत्त्वाचं, फीडबॅकचा मेसेज बहुतेक वेळा तक्रार 'बंद' केली की आपोआप सुटतो. म्हणजे तुमच्याकडं कुणीच न येता फीडबॅक आला, तर समजून जा की कागदावर तुमचं काम झालेलं आहे. तेव्हा स्टार देत बसण्यापेक्षा तक्रार पुन्हा उघडायला सांगा. काही ठिकाणी काम संपलं की टेक्निशियन कोड मागतो, तो पण नेट चालू झाल्याशिवाय देऊ नका.

गंगाखेडची_ताई
उदगीरच्या भाऊ, तुमच्या आईला सांगा गॅसच्या ॲपमधले स्टार दाबायला हरकत नाही, ॲप कंपनीचं अधिकृत असलं म्हणजे झालं. आमच्याकडं अडचण वेगळीच. सिलेंडर घेऊन येणारा पोरगा पायरीवर टाकी ठेवतो, घाम पुसतो अन् तिथंच उभा राहून म्हणतो, "काकू पाच स्टार मारा बरं," अन् मोबाईलमध्ये वाकून बघत बसतो. आता त्याच्यासमोर तीन कसे द्यायचे, पुढच्या टाकीला पण तोच येणार. मी म्हणते, चष्मा घरात राहिलाय रे, नंतर देते. अन् वरचे पैसे मागितले तर पावती दाखव म्हणायचं, घरपोच आणण्याचा खर्च सिलेंडरच्या किमतीतच धरलेला असतो, पावतीवर असेल तेवढेच द्यायचे.

आणखी एक. सगळे सांगतेत ओटीपी कुणालाच देऊ नका, अन् मग आमच्या सासूबाई गॅसवाल्याला पण कोड देईनात, टाकी परत चालली होती. तर बुकिंग केल्यावर जो डिलिव्हरीचा कोड येतो तो त्या पोराला द्यावाच लागतो, तो त्याच्यासाठीच असतो. पण कधी? टाकी दारात आल्यावर, वजन अन् सील बघितल्यावर. फोनवर कुणी 'गॅसचा सर्वे आहे, सबसिडी वाढवून देतो, कोड सांगा' म्हणलं तर फोन ठेवून द्यायचा. कोड एकच दिसतो, कुणी अन् कधी मागितला यावर सगळं आहे.

नांदेड_तरोडा
माझ्या मेव्हण्यानं असल्याच लिंकवर सगळं भरलंय, कार्ड नंबर सुद्धा. पैसे अजून गेले नाहीत. काय करावं?

मांजराकाठ_लातूर
@नांदेड_तरोडा वाट बघू नका, आत्ताच बँकेच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करा, नंबर कार्डाच्या मागं असतो, गुगलवर शोधू नका, तिथं पण खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ठेवलेत. काही ॲप उतरवलं असंल तर आधी त्या फोनचं नेट बंद करा अन् फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधीच अडकायची शक्यता जास्त. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, डिलीट करू नका, तक्रारीला लागतात. अन् पैसे परत मिळवायला यूपीआय पिन टाका असं कुणी म्हणलं तर टाकू नका, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

हिंगोलीचे_काका (रिटायर्ड)
मी वीज खात्यातच उभी हयात काढली. पोरांनो, सर्वे भरा नाहीतर नका भरू, पण सर्वेला तक्रार समजू नका. लोकं फॉर्ममध्ये 'आमची डीपी जळालीय' लिहून निवांत बसतात, अन् पुढं म्हणतात आम्ही कळवलं होतं. फॉर्म भरून डीपी बदलत नसती. वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन लावायचा, तक्रार क्रमांक घ्यायचा, वेळ वहीत लिहून ठेवायची. फ्यूज गेला, तार तुटली, ट्रान्सफॉर्मर जळाला, प्रत्येकाला किती वेळात दुरुस्त करायचं हे राज्याच्या वीज नियामक आयोगानं ठरवून दिलंय, शहराला वेगळं, खेड्याला वेगळं. वेळ टळली तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. ती मागणारे मी माझ्या नोकरीत बोटावर मोजण्याइतके बघितले. पाचशेच्या खोट्या सुटीमागं पळतात अन् हक्काचे पैसे तसेच पडून राहतात.

ऐकून घेतलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथं पण नाही जमलं तर विद्युत लोकपाल. वकील लावायची गरज नाही, साध्या मराठीत अर्ज लिहिला तरी चालतो. तिथं तुमचा तक्रार क्रमांक अन् तारीख चालते, स्टार चालत नाहीत.

अन् एक, देशातल्या सगळ्या वीज कंपन्यांना ग्राहक सेवेबद्दल दरवर्षी ग्रेड मिळते, आरईसी म्हणून केंद्र सरकारची कंपनी आहे ती काढते. त्यात पुरवठा किती तास, नवीन कनेक्शन, मीटर-बिल, तक्रारी कशा सोडवल्या हे बघतात. कंपनी कशी आहे हे बघायचं तर ती यादी वाचा, वॉट्सॅपवरचं नको.

उदगीरचा_पोऱ्या
लै धन्यवाद सगळ्यांना. कलम ५६ अन् 'बँक कशाला लागती' हे दोन्ही बाबांना वाचून दाखवलं. आता म्हणायलेत गो-ग्रीन करून दे. ईमेल कुणाचा द्यायचा यावरून नवीन वाद सुरू झालाय.

एक राहिलं. काल दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस आला होता, छतावर सोलर बसवायचा सरकारी सर्वे म्हणून, लाइट बिलाचा फोटो मागत होता. हे खरं असतं का?

मांजराकाठ_लातूर
योजना खरी आहे, पीएम सूर्यघर, फेब्रुवारी २०२४ पासून. तीन किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर ७८ हजार अनुदान, ते बसवून झाल्यावर थेट खात्यात. पोस्टमन पण नोंदणीसाठी फिरले होते, त्यामुळं दारात आलेला प्रत्येक जण खोटा असं नाही. पण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी आपली आपल्याला करता येते. त्याला बिलाचा फोटो, आधार काही देऊ नका, कुठल्या एजन्सीचा आहे ते विचारा अन् पोर्टलवरच्या व्हेंडरच्या यादीत नाव आहे का बघा. 'नोंदणीचे हजार रुपये आत्ताच द्या' म्हणला तर मात्र गल्लीतल्या चार जणांना बाहेर बोलवा अन् सगळ्यांसमोर पावती मागा.