उत्तर: गोव्याहून पाचगणीच्या हॉस्टेलला एकट्याने जाताना

गोव्याहून पाचगणीला कसं जायचं या प्रश्नावर इथे आधी कुणीतरी लिहिलंय, की रात्रीची स्लीपर बस पकडून साताऱ्यात उतरा, एका मुक्कामाचे पैसे वाचतात; ते खरंच आहे. फक्त खाजगी गाड्या बऱ्याचदा गावात शिरत नाहीत. वाढे फाट्यावर नाहीतर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हायवेलाच सोडतात. पहाटे साडेतीनला पाठीवर सॅक, पुलाखाली एखादी रिक्षा, अशा वेळी एकटं माणूस घासाघीस तरी काय करणार! त्यापेक्षा उजाडल्यावर पोचेल अशीच गाडी घ्या.

दुसरं, जे इथे कुणीच लिहिलं नाही: साताऱ्याच्या एसटी स्टँडवर नुसती 'महाबळेश्वर' पाटी बघून चढू नका. 'मार्गे मेढा' असेल तर ती केळघर घाटाने वर जाते, वाटेत पाचगणी लागतच नाही. पाचगणीला वाईवरून, पसरणी घाटाने जाणारी हवी. सरळ मिळाली नाही तर वाईला जाऊन बदला. कंडक्टरला विचारलं की तो नीट सांगतो. बायकांना एसटीत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेही हिशेबात धरा. पुढे आणखी फिरणार असाल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो.