दिवसभर वावरात असते, घड्याळात मात्र २,९०० पावलं

गिरडकडची शेतकरीण

नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातली, गिरडजवळच्या एका गावची. वय ४९. घरची शेती ६ एकर, पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् तूर, थोडा हरभरा. विम्याच्या घड्याळाचा कोणाला अनुभव असेल तर नीट सांगा, कारण मी दोन महिन्यांपासून याच्यामागे लागून थकली आहे.

आमच्या घरी ह्यांना शुगर निघाली, म्हणून पुण्याच्या मुलाने २०२३ मध्ये दोघांची मिळून ५ लाखांची हेल्थ पॉलिसी काढली. त्यासोबत कंपनीचं ॲप आलं, मुलाने दोघांना घड्याळं घेऊन दिली. सांगितलं असं की, दिवसाला १०,००० पावलं झाली की तो दिवस धरला जाईल, महिन्यात असे १५ दिवस भरले की हप्त्याचा काही भाग परत जमा होईल. मला वाटलं, आपण तर दिवसभर पायावरच असतो, आपले तर सगळ्यात आधी होतील.

मागच्या वर्षी ह्यांचे २,६५० रुपये जमा झाले. माझे १८०.

हे सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून गिरडच्या रस्त्याने हात हलवत फिरून येतात. चांगली गोष्ट आहे, शुगरही आटोक्यात आली, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मी त्याच वेळी चूल, गोठा, पाणी करून ९ वाजता वावरात असते ते दिवे लागायच्या आधी परत येते. नोव्हेंबरात पहिल्या वेच्याला एका दिवशी मी ३८ किलो कापूस वेचला. त्या दिवशी घड्याळाने २,९०० पावलं दाखवली. निंदणाच्या दिवसात तर उकिडवं बसून सरकत जावं लागते, तेव्हा ८०० सुद्धा होत नाही.

मला आधी वाटलं घड्याळ बिघडलं. म्हणून एक दिवस मी स्वतः मोजत गेली. घरून वावरात जाताना हात मोकळे होते. माझी मोजणी १,४१०, घड्याळाची १,३९६. म्हणजे घड्याळ चांगलं आहे. संध्याकाळी डोक्यावर कापसाचं गठुडं, दोन्ही हात वर धरलेले, रस्ता तोच. घड्याळाने मोजली २४०. गठुडं १८-२० किलोचं होतं. रिकाम्या हाताने चाललेलं धरते, ओझं घेऊन चाललेलं धरत नाही, हे माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

ॲपमध्ये दुसरा एक मार्ग आहे, ३० मिनिटं ठोके वाढलेले दिसले तरी दिवस धरतात. पण माझ्या डाव्या मनगटावर माहेरी लहानपणी केलेलं तुळशीवृंदावनाचं गोंदण आहे. घड्याळ त्याच्यावर बसते अन् ठोक्याच्या जागी नुसत्या दोन रेघा दाखवते. उजव्या हातात घालून पाहिलं तर वेचताना बोंडाची सुकलेली टोकं पट्ट्यात अडकतात.

कस्टमर केअरला ४ वेळा फोन केला. हिंदीत बोलायचं, तेही मी बोलली. पहिली पोरगी म्हणाली, मॅडम आमच्या यादीतल्या जिममध्ये जा, तिथली हजेरी धरतो. यादीतली सगळ्यात जवळची जिम नागपूरची. जाम चौरस्त्यावर जाऊन बस धरायची अन् जिममध्ये जायचं? दुसऱ्याने सांगितलं, संध्याकाळी वॉक घ्या. मी तेही केलं. भांडी झाल्यावर रात्री ९ वाजता अंगणात फेऱ्या मारायची. ११ दिवस मारल्या. बाराव्या दिवशी गुडघा सुजला, दोन दिवस वेचायला जाता आलं नाही, ती मजुरी दुसऱ्या बाईला द्यावी लागली.

त्यात ऑक्टोबर पूर्ण गेला. ॲप अपडेट झालं, परवानगी पुन्हा द्या म्हणे, ते मला कळलंच नाही, मुलगा दिवाळीत आला तेव्हा त्याने पाहिलं. ७ दिवसांच्या आत डेटा चढला नाही तर तो धरत नाहीत. आमच्या इथं नेटवर्क धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली येते, घरात नाही.

कोणी म्हणेल २,६५० रुपयांसाठी एवढं काहून? डीएपी खताची बॅग १,३५० ला आहे. जवळपास दोन बॅगा होतात त्यात. अन् पैसा बाजूला ठेवला तरी, महिन्याच्या शेवटी ॲप माझ्या नावापुढे लाल खूण करून लिहिते की तुम्ही पुरेशा सक्रिय नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटते.

माझं माहेर सेवाग्रामजवळचं. तिथं कस्तुरबा हॉस्पिटलची ज्वारीची योजना होती. सुगी झाली की घराघरातून ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा व्हायची, अन् त्यावर गावाला दवाखान्यात सवलतीत उपचार मिळायचे. माझ्या आईने पायलीने मोजून ज्वारी दिलेली मी पाहिली आहे. तिथं कोण किती चालते हे कोणी विचारलं नाही.

मला एवढंच विचारायचं आहे. हे घड्याळ माझं चालणं धरेल असं काही करता येते काय? नाही तर तक्रार कुठं करावी? मुलगा म्हणतो पॉलिसीच बदलून टाकू, ते बरोबर राहील काय?

पुलगावचा मास्तर

ताई, तुम्ही जाताना-येताना मोजून पाहिलं ते फार चांगलं केलं. तुमचं उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे.

घड्याळाला पाय दिसत नाही. त्याच्यात ॲक्सिलरोमीटर म्हणून एक चिप असते, ती मनगटाला बसणारे झटके टिपते. माणूस हात हलवत चालला की झटक्यांना एक लय येते, ती लय ओळखून घड्याळ पावलं धरते. हात गठुड्याला धरलेले, डवऱ्याच्या रुमण्यावर दाबलेले, सायकल हातात धरून ढकलत असले की मनगट स्थिर राहते अन् लय हरवते. वेचणीत तर दोन पावलं, थांबा, पुन्हा दोन पावलं असं असते. बहुतेक घड्याळं ओळीने काही पावलं लयीत पडल्याशिवाय मोजायलाच सुरुवात करत नाहीत, कारण नुसतं हात हलवलेलं मोजल्या जाऊ नये. म्हणून तुमचं खरं चालणं तिथंच गळून जाते.

ठोक्यांचं असं आहे की घड्याळाच्या पाठीमागून हिरवा प्रकाश कातडीत जातो. रक्त तो प्रकाश शोषते, प्रत्येक ठोक्याला किती शोषला यावरून मोजणी होते. गोंदणाची शाई पण प्रकाश शोषून घेते, मग मशीनला ठोका दिसत नाही. पट्टा थोडा वर, गोंदण संपते तिथं कोपराकडे सरकवून घट्ट लावून पाहा.

पावलांसाठी, घड्याळ पायात घाला. घोट्याच्या वर, पायमोजा घालून त्याच्यावर. मी आमच्या सौच्या पायात घालून पाहिलं आहे, ओझं डोक्यावर असलं तरी पाय हलतोच. पण आधी नियम वाचा, कंपनीने मनगटावरच घालायची अट टाकली असेल तर पुढे अडवतील.

अन् १०,००० चं मनावर घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला. मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तो आकडा डॉक्टरांनी तपासून काढलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायांवर अभ्यास झाला, सरासरी वय ७२. दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, अन् ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. मी शाळेत पोरांना हेच सांगतो.

बंडीवाला

काकू, आमच्या गावात एक जण घड्याळ बंडीच्या चाकाला बांधते, एक जण पोराच्या हातात देऊन त्याला खेळायला पाठवते. दोघांचेही १५ दिवस भरतात. तुम्ही एवढा त्रास कशाला घेता?

आर्वीकर (आधी एजंट होतो)

वरच्या भावाने सांगितलं ते करू नका, ताई. कंपनीने पकडलं तर गोष्ट पॉलिसीपर्यंत जाईल.

मी १४ वर्षं विम्याचं काम केलं. पहिली गोष्ट, घड्याळाचा अन् क्लेमचा संबंध नाही. तुमची पावलं शून्य असली तरी दवाखान्याचा क्लेम त्या कारणाने नाकारता येत नाही. बक्षिसाचा भाग वेगळा आहे. विकताना मात्र आमच्यातलेच लोक बक्षीस आधी सांगतात अन् अटी नंतर. मी पण सांगितलं आहे, त्याचं मला आज वाईट वाटते.

दुसरं, पॉलिसी नुसती बंद करून नवीन घेऊ नका. भाऊंना शुगर आहे. आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ ३ वर्षांपर्यंत असू शकते, तुमचा २०२३ पासून चालू आहे, तो वाया जाईल. बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या. नूतनीकरणाच्या तारखेच्या ४५ दिवस आधी अर्ज गेला पाहिजे, ६० दिवसांच्या आधी नाही. पोर्ट केल्यावर थांबलेला काळ सोबत येतो, घड्याळाचे जमलेले पॉइंट मात्र येत नाहीत, ते आधी वापरून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक अन् कुटुंबाच्या हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. पुढची पावती आली की तेवढं तपासा.

तक्रार फोनवर करू नका, फोनचा पुरावा राहत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. तुमचे ते दोन आकडे, १,३९६ अन् २४०, तारखेसकट टाका. ऑक्टोबरचा डेटा अपडेटमुळे गेला तेही वेगळं लिहा, ती तर सरळ त्यांच्याकडची चूक दिसते. उत्तर पटलं नाही तर आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचा १५५२५५ नंबर आहे, किंवा तिचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल. त्याच्यानंतर विमा लोकपाल. कंपनीकडून महिनाभरात समाधान झालं नाही तर तिकडे जाता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही. पण खरं सांगतो, ऑक्टोबरचं तुमच्या बाजूने लागू शकते. १०,००० ची अट लिहून दिलेली आहे, ती बदलायला लावणं कठीण आहे.

मारेगावची आशा

ताई, मी आशा वर्कर आहे. घरोघर फिरते म्हणून माझी पावलं होतात, त्यामुळे तुमचं मला समजायला थोडा वेळ लागला. पण रात्रीच्या फेऱ्या बंद करा. दिवसभर वाकून काम झालेल्या कंबर-गुडघ्याला त्या वेळी आराम पाहिजे. अन् मे महिन्यात आकडा भरायसाठी दुपारचं कोणीच चालू नका, आमच्याकडे उन्हाने पडलेली माणसं दरवर्षी येतात.

आणखी एक. ॲपला लोकेशन, ठोके, झोप सगळ्याची परवानगी दिली असेल. पावलांसाठी जेवढी लागते तेवढीच ठेवा. दिलेली परवानगी काढून घ्यायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. मुलाला सांगा, तो फोनमध्ये करून देईल.

गिरडकडची शेतकरीण

सगळ्यांचे आभार. ३ आठवडे झाले, करून पाहिलं ते लिहिते.

बंडीवाल्या भाऊ, चाकाला बांधणार नाही. मी खरंच चालते, मला खोटी पावलं कशाला पाहिजे? माझी आहेत ती मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मास्तर, तुमचं बरोबर निघालं. ह्यांचा जुना पायमोजा घालून घोट्यावर बांधलं. गठुडं घेऊन तोच रस्ता, या वेळी १,३८८. वेचणीचा पूर्ण दिवस ८,६४०, दुसऱ्या दिवशी ९,१००. तो आकडा पाहून मी धुऱ्यावर बसली अन् ह्यांना फोन करून सांगितला. निंदणाचं मात्र पायात घालूनही होत नाही, बसून सरकलेलं ते पाऊल धरतच नाही. गोंदणाच्या वर सरकवून ठोके दिसायला लागले, पण पायात घड्याळ असलं की ठोके नाहीत अन् हातात असलं की पावलं नाहीत. दोन्हीपैकी एक निवडावं लागते. नियम मुलाने पूर्ण वाचले, मनगटावरच घाला असं कुठं लिहिलेलं नाही, तरी आम्ही ईमेलमध्ये पायात घालते हे आपणहून कळवून टाकलं.

ईमेल मराठीत लिहिला, खाली मुलाने इंग्रजी जोडलं. १५ व्या दिवशी उत्तर आलं. ऑक्टोबरचे ह्यांचे १९ दिवस अन् माझे ४ दिवस परत धरले. शेतीकामाबद्दल एक ओळ आहे की सूचना संबंधित विभागाकडे पाठवली. आर्वीकर भाऊ, तुम्ही म्हटलं तसंच झालं. मी त्याला परत उत्तर लिहिलं की जिमची हजेरी धरता तर वेचणीची, निंदणाची नोंद धरायचा काही मार्ग काढा, आमच्या गटातल्या १२ बाया सही करायला तयार आहेत. त्यातल्या दोघींकडेच पॉलिसी आहे, पण सही सगळ्यांनी करतो म्हटलं.

पॉलिसी सोडत नाही. ह्यांचा थांबायचा काळ संपत आला आहे. रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, गुडघा उतरला.

सोमवारपासून दुसरा वेचा लागते. घड्याळ पायातच घालून जाईन, आठवड्याचे आकडे इथंच टाकते. दुसऱ्या कोणी वावरात घालून पाहिलं असेल तर तुमचेही टाका, ईमेलला जोडायला कामी पडतील.