वाहिनी काल्पनिक असली म्हणून १९७५ साली केशरी-जांभळी?

शनिवारपेठी
काल इथे एका सभासदाने मनाने रचलेल्या पुणेरी वाहिनीचा ‘लोगोंचा प्रवास’ टाकला. १९७५ : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, केशरी-जांभळ्या छटांत. १९८८ : फिरता चकचकीत गोळा. २०२४ : चार सपाट रेघा. खाली नुसती ‘वा वा’ची रांग, म्हणून लिहावं लागतंय. अहो, रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं, एशियाडच्या वर्षी. खासगी ‘झी’ तर १९९२ ची. ते छटांचं काम १९७५ ला कोणाला दिसणार होतं? शिवाय लोगो पडद्याच्या कोपऱ्यात डकवलाय! पुण्यात दिसायचं एकच मुंबई केंद्र, मग कोपऱ्यात नाव कोणासाठी?

दूरदर्शनचा डोळा बघा. देवाशिष भट्टाचार्यांनी एनआयडीत, म्हणजे अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत, शिकताना काढलेला. १९७६ च्या एप्रिलात आकाशवाणीपासून वेगळं झाल्यावर पडद्यावर आला. रंग काढून घ्या, काही बिघडत नाही. तुमचा दरवाजा काळापांढरा केला तर करडा ठोकळा उरतो.

रंगारी_कोथरूड
तो सभासद मीच. काका, का-ल्प-नि-क. आता विचाराल, टीव्हीचा परवाना पोस्टातून काढला होता का?

शनिवारपेठी
काढावाच लागायचा.

पाषाणकर
‘पुण्यात दिसायचं’ म्हणे. पेठेत दिसत असेल. टॉवर सिंहगडावर, मध्ये टेकडी. आम्हाला निम्मा वेळ मुंग्याच.

विठ्ठलवाडीची
आमच्याकडे लख्ख दिसायचं. अँटेना वाकडा असणार तुमचा.

पाषाणकर
ताई, अँटेना माझ्या वडिलांनी लावला होता. त्यांची हयात वायरलेसमध्ये गेली. दर रविवारी सिनेमाच्या आधी मी गच्चीवर, ते खिडकीत. टेकडीआड राहून दाखवा, मग बोला.

विठ्ठलवाडीची
वडिलांना कोण काही म्हणालं? बूस्टर मिळायचे हो तेव्हा. पैसे सुटत नसतील.

नारायणपेठ_२
केशरीचं एवढं वावडं कशाला? डीडी न्यूजने २०२४ च्या एप्रिलात लालचं केशरी केलंच की.

शनिवारपेठी
निवडणुकीच्या तोंडावर केलं. तेही खटकलंच होतं.

नारायणपेठ_२
आलात ना मूळ दुखण्यावर! रंगीत प्रक्षेपण वगैरे नुसता बहाणा.

शनिवारपेठी
१९७५ ला तिथे हिरवा असता तरी हेच लिहिलं असतं. वाचता येतं ना?

जाहिरातवाली
भांडा तुम्ही. मी या धंद्यात आहे, मला भलतंच खटकलं. एकोणपन्नास वर्षांत ही वाहिनी कोणी विकतच घेतली नाही? अल्फा मराठी गेली, झी मराठी आली, कारण समूहाला सगळीकडे एकच नाव हवं होतं. ईटीव्ही मराठी २०१५ ला कलर्स मराठी झाली. आपल्याकडे लोगो बदलायला चित्रकार शेवटी बोलावतात, आधी वकील येतात. रंगारी, तुझ्या गोष्टीत वकीलच नाहीत. सपाट रेघा मात्र बरोबर : मोबाइलवर नखाएवढ्या जागेत चकचकाट चिखल दिसतो.

रंगारी_कोथरूड
हा मुद्दा आवडला, काकांसारखा खेकसून सांगितला नाही म्हणून. बरं : १९७५ काळंपांढरं, कोपरा मोकळा, २००० नंतर वाहिनी विकली. महामंडळ खूश? गोळा राहणार.

शनिवारपेठी
राहू दे. पण ती काचेसारखी चमक २००० नंतरची आहे.

पाषाणकर
बूस्टर घेतला होता, ताई. तरीही मुंग्याच.