बरं झालं की सेवा केलीच पाहिजे का?

शाहूपुरीकर: काल इथं पोस्ट आली की प्रार्थनेनं बरे झालेले लोक चर्चमध्ये साक्ष देतात आणि पुढच्या रविवारपासून गायब होतात, येशूचा शिष्य पेत्र, त्याची सासू येशूनं बरं केल्यावर तापातून उठली ती थेट सेवेला लागली, तुम्ही काय केलं. वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा चर्चच्या मंडळीनं रात्रभर प्रार्थना केली, ते मी जन्मात विसरणार नाही. पण तिसऱ्या आठवड्यात आईला मंडळीतून फोन आला, स्वयंपाकाला कधी येताय? टाके अजून ओले होते. देवानं बरं केलं आणि वर हप्ते बांधून दिले काय?

बावडेकर: पोस्ट माझीच. तुमच्या आईबद्दल नव्हती. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही परका, शोमरोनी, आणि येशूनंच विचारलं ना बाकीचे नऊ कुठं आहेत? माझा मुलगा कावीळीतून वाचला तेव्हापासून मी दर शनिवारी कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना चहा नेतोय. हप्ता म्हणून नाही, घरी बसवतच नाही.

मंगळवार पेठेतली ताई: भाऊ, चहा नेता ते चांगलंच, पण सासूचा दाखला आला की बायकांनाच चुलीपुढं का उभं करता? नाताळच्या जेवणाचा रस्सा आम्ही करायचा, डेचकी आम्ही घासायची, आणि उपकारस्तुतीच्या भक्तीला आभार कुणाचे, तर मंडप घालणाऱ्या तरुण संघाचे. बारा वर्षं बघतेय.

तरुण संघवाला: ताई, मंडप काय आपोआप उभा राहतो व्हय? रात्री दोनपर्यंत बांबू बांधतो आम्ही, सकाळी कामावर जातो.

ताई: बांधता की. मग पहाटे चार वाजता कांदा चिरायला पण या एकदा.

बावडेकर: विषय कुठं चाललाय! कांद्यावर भांडायला पोस्ट नव्हती टाकली.

ताई: तुमचा विषय सेवा आहे ना? मग हाच विषय आहे.

मिरजेची नर्स: मार्काच्या शुभवर्तमानात सासूच्या सेवेला जो ग्रीक शब्द आहे तोच अरण्यात देवदूतांनी येशूची सेवा केली तिथं आहे, आणि मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सेवा करायला आला तिथंही तोच. डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, हा शब्द त्यातूनच आला. म्हणून ते बायकांचं काम असं कुणी वाचू नये. दुसरं, गरसेकरांच्या मुलखातला तो भूत लागलेला माणूस बरा झाल्यावर येशूच्या मागं जायला निघाला तर त्याला सांगितलं, घरी जा, आपल्या लोकांना सांग. म्हणजे प्रत्येकाला एकच काम नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला, तिथल्या वॉर्डात मी तीस वर्षं काढली. बरे झालेले पेशंट दारातून बाहेर पडले की मी कधी हिशोब मागितला नाही. आणि जे बरे झालेच नाहीत त्यांचं काय? प्रेषित पौल आपल्या त्रासाला शरीरातला काटा म्हणायचा, प्रार्थना करूनही तो निघालाच नाही, तरी सेवा थांबली नाही.

शाहूपुरीकर: हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढं चिडलो नसतो. आई आता सुपारी कातरत कातरत शेजारच्या आजारी म्हातारीशी दोन-दोन तास बोलत बसते. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

बावडेकर: तीच सेवा. "तुम्ही काय केलं" हे वाक्य काढतो पोस्टमधून. बाकी पोस्ट राहू दे, नऊ जणांचा प्रश्न येशूचा आहे, माझा नाही.

तरुण संघवाला: पंचवीसला पहाटे चार. किती जण पाहिजेत ताई?

ताई: सहा. आणि सुरी घरनं आणा, मागच्या वर्षी तीन हरवल्या.