[मंडळ यादी] तातडीचं: ऋतुजाचा एमआरआय कोर्स, शुक्रवारी पैसे भरायचेत

वैशाली:

मंडळी, मी अजून नाशिकलाच आहे, आईच्या गुडघ्याचं लांबलंय. पण मेल त्यासाठी नाही. ऋतुजा (धाकट्या बहिणीची, गणपतीत तिकडे आली होती, झांजा वाजवणारी) बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) रेडिओग्राफीची तीन वर्षं संपवून आता इंटर्नशिप करतेय. तिला एमआरआयच करायचंय आणि तिकडे अमेरिकेत यायचंय. इथे कॉलेज रोडला एक गायडन्सवाला आहे. त्याचं म्हणणं, त्याचा ऑनलाइन 'अमेरिकन एमआरआय' कोर्स केला की एआरआरटीच्या (तिकडे या कामाचं सर्टिफिकेट देणारी संस्था) परीक्षेला थेट बसता येतं. पहिला हप्ता शुक्रवारच्या आत. मेहुणे चेक लिहून बसलेत. मेधा, तू हेच काम करतेस ना? हो की नाही एवढंच सांग, बाकीचं नंतर फोनवर बोलू.

अजित:

वैशाली, मधेच बोलतो, राग मानू नकोस. तरुण मुलगी, आयुष्यभर रेडिएशनमध्ये काम करायचं म्हणजे विचार करा. आमच्या ओळखीत एक एक्स-रेवाले होते, त्यांच्या घरचे कायम धास्तावलेले असायचे. फिजिओथेरपी वगैरे बघितलं का?

श्रीराम काका:

अजित, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात रे. आयनीकरण करणारं रेडिएशन अजिबात नाही. म्हणून तर एक्स-रे आणि सीटीच्या खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात, एमआरआयला ते लागत नाहीत. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुगर्भ मोठ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवायचे आणि रेडिओलहरींनी डिवचायचे, ते परत जागेवर येताना जो संदेश देतात त्यावरून चित्र काढायचं. या लहरींची वारंवारता दर टेस्लाला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे दीड टेस्लाच्या यंत्रात साधारण ६४. एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली. मूळ तत्त्व १९४६ सालचं, ब्लॉख आणि पर्सेल यांचं. चित्र काढण्याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. डमाडियनला वगळलं, त्यानं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला होता. १९७७ साली जिवंत माणसाच्या छातीचं पहिलं स्कॅनिंग त्याच्याच यंत्रावर झालं. त्याच्यावर अन्याय झाला असं माझं मत आहे, पण तो विषय कोजागिरीला काढू.

मुलीला भौतिकशास्त्र आवडतं का? टी-वन, टी-टू (अणुगर्भांना परत जागेवर यायला लागणारे वेळ) नुसतं पाठ करणाऱ्यांची गाडी पुढे अडते.

मेधा:

वैशालीताई, चेक फाडायला सांगा. 'नाही' एवढ्यावर मेहुण्यांचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एआरआरटीचं एमआरआय सर्टिफिकेट मिळवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, त्यांच्या स्वतःच्या यादीतल्या मान्यताप्राप्त संस्थेतून एमआरआयचा कोर्स करायचा, आणि २०१५ पासून निदान असोसिएट (इथली दोन वर्षांची) पदवी हवीच. दुसरा रस्ता, जो मी घेतला: आधी रेडिओग्राफीचं (किंवा न्यूक्लिअर मेडिसिन, सोनोग्राफी, रेडिएशन थेरपीचं) सर्टिफिकेट असेल तर वर सोळा तासांचं ठरवून दिलेलं शिक्षण आणि खऱ्या रुग्णांवर केलेल्या तपासण्यांची सही-शिक्क्यासकट नोंद द्यायची, मग परीक्षा. कॉलेज रोडवाला बहुतेक या सोळा तासांतलंच काहीतरी विकतोय. त्या तासांना अर्थ तेव्हाच, जेव्हा पहिलं सर्टिफिकेट हातात आहे. ऋतुजाकडे ते नाही, आणि नाशिकची पदवी दाखवून ते मिळत नाही. पदवी कमी दर्जाची आहे असं मुळीच नाही. संस्था त्यांच्या यादीत नाही, संपला विषय. त्याला एकच प्रश्न लेखी विचारा: तुमची संस्था एआरआरटीच्या यादीत कुठल्या नावाने आहे? यादी वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. एआरएमआरआयटी म्हणून दुसरी एक रजिस्ट्री आहे. तिचं नाव तो काढेल. काही ठिकाणी ती चालते, पण राज्याचं लायसन्स आणि हॉस्पिटलची अट, दोन्ही बघावं लागतं.

आणि पोरीला सांगा, परीक्षा हा सोपा भाग आहे. आमचं अर्धं काम यंत्राच्या बाहेर असतं. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, मेंदूत क्लिप बसवली आहे का, हे फॉर्मवर विचारायचं, मग तोंडी, मग दारात परत. माणसं तिसऱ्यांदा विचारल्यावर आठवून सांगतात. मागे एक आजी आल्या होत्या, मराठीच, मानेचं स्कॅन. फॉर्मवर सगळ्याला 'नाही'. कपडे बदलले, केसातले आकडे काढले, पण मंगळसूत्राला हात लावू देईनात. सोनं चुंबकाला ओढलं जात नाही, पण कडी कसली, मणी ओवलेली तार कसली कोण सांगणार? शिवाय मानेचंच चित्र, बरोबर तिथेच काळा डाग येणार. शेवटी सुनेने शालीच्या झालरीतला एक धागा ओढून आजींच्या गळ्यात बांधला, मंगळसूत्र स्वतःच्या मुठीत घट्ट धरून ती बाहेर बसली, आणि मग आजी आत गेल्या. हे कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये नाही.

दिलीप:

सर्वांना नम्र विनंती. शिक्षण आणि करिअरविषयक प्रश्नांसाठी मंडळाची मार्गदर्शन समिती आहे. मागच्या व्हिसा प्रकरणानंतर आमसभेत ठरलं होतं की असे प्रश्न आधी समितीकडे फॉर्म भरून द्यायचे, समिती योग्य व्यक्तीशी गाठ घालून देईल. यादीवर प्रत्येकाने सल्ला दिला आणि उद्या काही बिघडलं तर बोल मंडळाला लागतो. मेधाच्या माहितीबद्दल आदर आहेच.

प्रिया:

> समिती योग्य व्यक्तीशी गाठ घालून देईल

दिलीपदादा, योग्य व्यक्ती मेधाच आहे आणि ती समितीवरही आहे. तुम्हीच घेतलंत तिला, संक्रांतीला. शुक्रवार कधी आहे बघा आणि फॉर्म किती पानी आहे तेही बघा.

वैशालीताई, येताना कोंडाजीचा चिवडा आणणार ना? दिवाळीच्या स्टॉलसाठी विचारतेय, घरासाठी नाही. (घरासाठीही.)

निखिल:

मेधाने परीक्षेचं सांगितलं, व्हिसाचं कुणी बोलत नाहीये. समजा ऋतुजाने इथल्या यादीतल्या कॉलेजात प्रवेश घेतला. त्या कॉलेजला आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) देण्याची परवानगी हवी, आधी ते विचारा. हॉस्पिटलने चालवलेला कोर्स असेल तर जास्तच खोदून विचारा. पुढे नोकरी. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या कामाला साधारणपणे बॅचलर पदवी लागतेच असं दाखवावं लागतं. एमआरआय टेक्नॉलॉजिस्टला इथे असोसिएट पदवी पुरते. म्हणजे मुलीकडे पदवी आहे, पण कामालाच ती लागत नाही, आणि वकील तिथेच अडकतो. माणसांची गरज आहे, पगार बरा आहे, हे सगळं खरं. पण एवढी फी भरून ओपीटीच्या (शिक्षणानंतर काम करायला मिळणाऱ्या) वर्षानंतर सामान बांधायचं का, हे घरात बसून ठरवा. मी वकील नाही. दिलीपदादा, हे वाक्य मिनिट्समध्ये घ्या.

वैशाली:

सगळ्यांचे आभार. आज मेहुणे स्वतः जाऊन आले. यादीतलं नाव विचारल्यावर गायडन्सवाला म्हणाला, "आमचा टाय-अप आहे." कुणाशी, ते सांगेना. मग म्हणाला आज भरले तर सूट देतो. मेहुणे आयुष्यभर मार्केट यार्डात द्राक्षाचा आणि कांद्याचा भाव करत आले, सूट आपणहून आली म्हटल्यावर चेक खिशात घालून उठले.

पण दिलीप, मला एक कळत नाही. आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय इथे म्हसरूळला, घरापासून रिक्षाने जाण्याइतकं. अख्ख्या महाराष्ट्राचे डॉक्टर त्याच्या पदवीवर बाहेर जातात. मग टेक्निशियनलाच का नाही?

ऋतुजा म्हणते टेक्निशियन म्हणू नकोस मावशी, टेक्नॉलॉजिस्ट म्हण. सध्या तिची पाळी एमआरआयला आहे, दीड टेस्लाचं यंत्र. मेधा, तुझा मेल तिला वाचून दाखवला. ती म्हणाली आमच्याकडे आजींपेक्षा वॉर्डबॉयचा घोर जास्त. परवा लाइट गेली, जनरेटर लागेपर्यंत अंधार, तर नवा वॉर्डबॉय लोखंडी स्ट्रेचर सरळ आत न्यायला निघाला. त्याला वाटलं, लाइट नाही म्हणजे यंत्र बंद. ही दारात आडवी उभी राहिली. अतिवाहक चुंबक आहे म्हणे, त्यातला प्रवाह आपला आपण फिरत राहतो, द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवलेलं. वीज असो नसो, ओढ चोवीस तास तेवढीच. मुंबईत २०१८ च्या जानेवारीत रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला आणि जीव गेला. ती बातमी तिने कापून दाराबाहेर चिकटवून ठेवलीय. वॉर्डबॉयला ओरडली नाही, वाचायला लावली.

मेधा:

> मग टेक्निशियनलाच का नाही?

डॉक्टरांनाही पदवीवर थेट नाही ताई. त्यांनाही इथे परीक्षा आणि रेसिडेन्सी चुकत नाही. फक्त त्यांच्यासाठी परदेशी पदवीचा दरवाजा आहे, आमच्यासाठी एआरआरटीने ठेवलेला नाही.

आणि दारात आडवी उभी राहणारी मुलगी मला उद्या दिली तर मी उद्या घेईन. तिला म्हणावं, आत कोण जाणार हे ठरवायचा अधिकार तिचा आहे हे हॉस्पिटलकडून लेखी घे. आमच्याकडे चार झोन आखलेले असतात, चौथ्यात फक्त यंत्र, आणि तिसऱ्याच्या दारापासून सर्जनलासुद्धा आम्ही अडवू शकतो. सर्जन चिडतात. चिडू देत.

अजित:

काका, रेडिएशन नाही हे कळलं. पण मग आत एवढा आवाज कसला असतो? माझ्या खांद्याच्या वेळी कोणीतरी घण घालतंय असं वाटत होतं.

श्रीराम काका:

ग्रेडियंट कॉइल, म्हणजे चित्रासाठी चुंबकीय क्षेत्रात जागोजागी फरक पाडणारी तारेची गुंडाळी. त्यातला प्रवाह भराभर बदलतो, मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात तिच्यावर बल येतं आणि कॉइल थरथरते. स्पीकर वाजतो तसंच. ऐकायला खांद्यापेक्षा डोक्याच्या स्कॅनमध्ये जास्त मजा येते.

संजय:

इथे आधी दहा वर्षं इंग्लंडात काढली, म्हणून बोलतो. सगळे अमेरिकेलाच का चिकटलेत? तिकडे एचसीपीसीकडे (आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांची नोंदणी करणारी संस्था) 'डायग्नोस्टिक रेडिओग्राफर' म्हणून नोंदणी असते, आणि परदेशी पदवीवाल्याला थेट अर्ज करता येतो. ते तुमचा पूर्ण अभ्यासक्रम आणि अनुभव तपासतात. एमआरआयची वेगळी नोंदणी नसते. रेडिओग्राफर म्हणून लागायचं आणि हॉस्पिटलातच एमआरआयकडे वळायचं. आमच्या गल्लीत केरळच्या दोघी याच वाटेने आल्या होत्या. पण एक्स-रे पक्का हवा. नुसतं 'मला एमआरआयच हवं' तिथे चालणार नाही, पहिली काही वर्षं छाती आणि मनगटं काढावी लागतील. इंग्रजीचं आयईएलटीएस सरासरी ७.

दिलीप:

संजयचा मुद्दा चांगला आहे. हा पत्रव्यवहार समितीच्या फाइलला जोडतो आहे. यापुढे मात्र फॉर्म.

वैशाली:

संजय, हे ऋतुजाला पटलंय, मेहुण्यांना त्याहून जास्त. इंटर्नशिप संपली की वर्ष-दोन वर्षं इथेच एक्स-रे, सीटी, एमआरआय तिन्ही करून मग अर्ज, असं ठरतंय. एक अडचण: अभ्यासक्रमाचे तास विषयवार भरून मागतात म्हणे. ते म्हसरूळला विद्यापीठातून घ्यायचं की कॉलेजातून? मी आहे तोवर हे उरकून टाकते, नाहीतर तिला सुट्टी मिळायची नाही.

संजय:

फॉर्म शिकवणाऱ्या संस्थेने भरायचा, म्हणजे कॉलेज. विद्यापीठातून मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट आणि छापील अभ्यासक्रम घ्या. कॉलेजात क्लार्ककडे फॉर्म ठेवून येऊ नका, विभागप्रमुखांसमोर बसून भरून घ्या. क्लिनिकलचे तास थिअरीत मिसळतात आणि मग तिकडून पत्र येतं. म्हसरूळला तुम्हीच जाणार असाल तर ऋतुजाच्या सहीचं अधिकारपत्र आणि तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा. जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा.