मदत हवी आहे: सायनससाठी नस्य, अणुतेल की षड्बिंदू?

मंडळी, मी इंदूरला राहते, सायनसने जीव नकोसा केलाय. सकाळी उठलं की नाक चोंदलेलं, भुवयांच्या वर ठणका, खाली वाकून रांगोळी काढायची म्हटली तर डोकं असं जड होतं की विचारू नका. नाक मोकळं करणारा स्प्रे होता पण तो जास्त दिवस मारला की उलट जास्तच चोंदतं म्हणाले डॉक्टर, म्हणून बंद केला.

आता वैद्यांनी नस्य सांगितलंय, म्हणजे चेहऱ्याला तेल चोळून शेक घ्यायचा मग मान मागे टाकून नाकात कोमट अणुतेलाचे दोन-दोन थेंब, घशात उतरेल ते थुंकून टाकायचं, जेवण किंवा डोक्यावरून आंघोळ झाल्यावर लगेच नाही. सासूबाई म्हणतात नाकात षड्बिंदू तेलच घाल, जाऊबाईंचं त्रिकटूचं, म्हणजे सुंठ-मिरे-पिंपळीचं मधातलं चाटण. औषधं सगळ्यांकडे आहेत, नाक मात्र माझं एकटीचं!

तर कोणी नेमाने नस्य केलंय का? दोन्ही तेलांत काय फरक जाणवला? सर्दी जोरात असताना बंद ठेवायचं ना? आणि मला ॲसिडिटी आहे, त्रिकटू झेपेल का? रात्री सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) जाऊन दहीबडा, शिकंजी नको हे वैद्यांनी सांगून झालंय, ते सोडून बाकी सांगा 🙏