लग्न टिकून असताना मालमत्तेचा दावा लावू नये म्हणता?

दिवाणी_बाजू:
काल इथे एकांनी लिहिलं, "लग्न टिकून आहे तोवर नवरा-बायकोला एकमेकांवर मालमत्तेचा दावा लावायचा हक्कच नको. आधी घटस्फोट, मग वाटण्या." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम ७ वाचा. पती-पत्नीमधला मालमत्तेचा दावा तिथे चालतो आणि आधी घटस्फोट हवा अशी अट कुठेही नाही. घटस्फोटानंतरचा दावाही तिथेच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं. थांबायला लावलंत तर काय होतं? घटस्फोटाचा अर्ज निकाली निघेपर्यंत दागिने मोडून झालेले असतात आणि फ्लॅट तिसऱ्याच्या नावावर गेलेला असतो.

स्त्रीधन बाईचं एकटीचं. सासरच्यांकडे ठेवलं तर ते फक्त सांभाळायला दिलेलं असतं, सर्वोच्च न्यायालयाचा प्रतिभा राणी निकाल, १९८५. केरळच्या एका प्रकरणात ८९ पवन, म्हणजे ७१२ ग्रॅम सोनं होतं. बाई २०११ मध्ये कुटुंब न्यायालयात जिंकली, हायकोर्टात हरली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला २५ लाख देवविले. जिथे एवढी वर्षं जातात, तिथे सुरुवातच उशिरा करा म्हणणं हा अन्याय आहे.

घरचा_माणूस:
काल लिहिणारा मीच. हक्क कागदावर आहे हे मलाही माहीत आहे. परिणामांचं काय? कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. पण दाव्यासोबत मनाई हुकमाचा (मालमत्ता विकू नये म्हणून) अर्ज येतो, त्यावर प्रतिज्ञापत्रं येतात, आणि त्यात एकमेकांच्या आईबापांचा उद्धार असतो. तो कागद वाचल्यावर कोर्टाच्या समुपदेशकासमोर कोण मोकळेपणाने बोलणार?

शिवाय महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या चार बाबतींत बायकांना कोर्ट फी माफ आहे. नवऱ्याला नाही. ही बरोबरीची लढाई आहे का?

दिवाणी_बाजू:
फी माफ आहे कारण बहुतेक घरांत पैसा, पासबुक आणि लॉकरची किल्ली कुणाकडे असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि प्रतिज्ञापत्रात आईबाप येतात तो मसुदा करणाऱ्याचा दोष. दागिन्यांच्या दाव्याला चार रकाने पुरतात: वस्तू व वजन, कुणी दिली, पुरावा काय, आता कुणाच्या ताब्यात. "माझे सर्व दागिने" असं मोघम लिहिलं की उलटतपासणीत दावा कोसळतो. सोनाराची बिलं, लग्नातले फोटो आणि लॉकर कुणी कधी उघडला याची बँकेची नोंद, एवढं आधी जमवावं.

हप्तेवाला_सीए:
दागिने राहू द्या, खरी मारामारी फ्लॅटची. २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. म्हणून नवरे पैसे भरतात, करारनामा बायकोच्या नावाने करतात आणि बिनसलं की "घर माझंच" म्हणत दावा लावतात.

घरचा_माणूस:
मग घर त्याचंच नाही का? सगळे हप्ते त्याच्या खात्यातून गेलेत!

हप्तेवाला_सीए:
हप्ते गेले म्हणून मालकी येत नाही. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं अशा खरेदीला बंदी घालणाऱ्या बेनामी कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीनंतर ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी धरत नाहीत, त्यामुळे त्याला दावा लावता येतो, एवढंच. घर तिला दिलेलं नव्हतं, फक्त नाव वापरलं होतं, हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. कोर्ट बघतं पैसा कुणाचा, मूळ दस्त कुणाकडे, ताबा कुणाचा, नाव घालायचं कारण काय. आणि त्या घराचं भाडं इतकी वर्षं बायकोच्या आयकर विवरणपत्रात दाखवलेलं असेल, तर तो कागद त्याच्या विरुद्ध बोलतो.

दोघांची नावं असतील तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४५. ज्याने जेवढे घातले तेवढा हिस्सा. पुरावा नसेल तर निम्मं-निम्मं धरतात. म्हणून सुरुवातीच्या रकमेचा धनादेश आणि हप्त्यांचा खाते-उतारा जपा. रोखीत दिलेल्या पैशाचा माग राहत नाही.

घरचा_माणूस:
आणि कोर्टाने घर तिला दिलं तर कर्ज कोण फेडणार?

हप्तेवाला_सीए:
दोघं सहकर्जदार असतील तर बँक दोघांच्याही मागे लागते. तुमच्यातला हुकूम बँकेला बांधत नाही, कारण बँक त्या दाव्यात पक्षकारच नसते. हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, पडतो. तडजोड करताना एकाचं नाव कर्जातून काढायला बँकेची लेखी संमती आधी घ्या. नुसती हुकमाची प्रत घेऊन गेलात तर शाखेतून परत पाठवतात.

लेक_माहेरची:
फ्लॅटमध्ये सगळे अडकलात. हा हक्क बायकांच्या गळ्याशीही येतो, ते कुणीच बोलत नाही. रखमाबाईंनी नांदायला नकार दिला म्हणून नवरा दादाजी भिकाजींनी त्यांच्यावर लावलेला दावा दिवाणीच होता! १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण १८८७ ला हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. १८८८ ला २,००० रुपये देऊन ते मिटलं. आजही नांदायला जाण्याचा हुकूम देणारं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ जिवंत आहे. हुकूम मानला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आधी ते कलम काढा.

दिवाणी_बाजू:
नांदायला लावणारं कलम जावं, हे माझंही मत. त्यासाठी मालमत्तेचा हक्क सोडायचा का? दोन्ही एकाच पारड्यात घालू नका.

लेक_माहेरची:
तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा उल्लेखही नव्हता, म्हणून लिहिलं. चिडायचं कारण नाही.

पणजीकर:
गोव्यात ही चर्चाच वेगळी होते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची समाईक, प्रत्येकाचा अर्धा वाटा. स्थावर विकायला जोडीदाराची सही लागते. एकट्याला परस्पर विकताच येत नाही, म्हणून भांडणाचं अर्धं मूळ आधीच कापलेलं.

घरचा_माणूस:
हे मात्र पटतं. जोडीदाराच्या सहीशिवाय राहतं घर विकता येणार नाही असा नियम इथेही आला, तर संसार चालू असतानाच्या दाव्यांना माझा विरोध उरणार नाही. तोपर्यंत दागिन्यांपुरतं तुमचं मान्य करतो. फ्लॅटचं नाही.

दिवाणी_बाजू:
नियम येईपर्यंत घर विकलं जातं, त्याचं काय? म्हणून ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी लिहिते. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे साध्या दिवाणी कोर्टात जाऊ नका. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ८ मुळे दिवाणी कोर्टाला अधिकार नाही, दावा योग्य कोर्टात नेण्यासाठी परत मिळतो आणि मधल्या काळात मनाई हुकूमही नसतो. वकिलाला कुटुंब न्यायालयात हक्काने उभं राहता येत नाही, परवानगीचा अर्ज सोबतच द्या. दावा दाखल झाला की प्रलंबित दाव्याची नोटीस, म्हणजे या घरावर दावा चालू आहे ही सूचना, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुंबईत ती नोंदवली नसेल तर मधेच घर घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बंधनकारक करणं फार कठीण जातं, आणि ही नोंदणी बहुतेकांची राहून जाते.